नमुन्याचा ॲप्रन

आमच्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात पेशंट लोकांनी आपला आपणच एक कायदा करून ठेवला होता. समोर पुरुष आला की तो डॉक्टर आणि बाई आली की ती सिस्टर. मग बाईच्या गळ्यात स्टेथोस्कोप असो, नाहीतर पुरुषाच्या हातात लघवीचं भांडं असो. या कायद्यामुळे आमच्या डॉक्टर केतकीचा दिवसभर अपमान व्हायचा आणि मुनीरचा दिवसभर सन्मान. वैतागलेले दोघंही. केतकी भांडायची, "अहो काका, मी डॉक्टर आहे, पाणी मागायला मीच सापडले का?" मुनीर तोवर पाण्याचा ग्लास घेऊन आलेला असायचा आणि हात जोडून सांगायचा, "काका, मी डॉक्टर नाही. मी ब्रदर. नर्स आहे मी."

"बरं बरं, डॉक्टर," काका म्हणायचे आणि पाणी प्यायचे.

मी त्या वॉर्डाची इनचार्ज, वाघमारे सिस्टर. आता रिटायर होऊन कर्वेनगरला घरी बसले आहे, म्हणजे सोसायटीतले लोक जिन्यात गाठून बीपी तपासून घेतात, एवढाच फरक. नोकरीत इतकी पोरं-पोरी हाताखालून गेली, की रस्त्यात कोणी "सिस्टर, ओळखलंत का?" म्हटलं की मी सरळ "नाही" म्हणून मोकळी होते. मुनीर मात्र डोक्यातून जात नाही. त्याची आठवण आली की मला अजून राग येतो. नेमका कोणाचा येतो ते सांगता येत नाही, म्हणून जास्तच येतो.

दिसायला काडी. उंच, खांद्यात जरा वाकलेला, आकाशी युनिफॉर्म अंगावर टांगल्यासारखा. शिंप्याचा मुलगा, कसबा पेठेतला. वडील रज्जाकभाई, पुढे दुकान आणि मागे घर. आई गेलेली. जन्मापासून शिलाई मशीनच्या आवाजात वाढल्यामुळे त्याच्या हाताला कापडाची खोड होती आणि ती वॉर्डात सगळीकडे दिसायची. चादर अशी ताणून घालायचा की पेशंट तिच्यावर बसायला संकोचायचा. कोणाच्या गाउनचा दोरा लोंबताना दिसला की बोलता बोलता वाकायचा आणि दातांनी तोडायचा. मी ओरडायचे, "अरे, इन्फेक्शन कंट्रोल नावाचा विषय होता ना तुला? का त्या दिवशी रजेवर होतास?" तो जीभ चावायचा, सॉरी म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नवा पेशंट आला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत असा न्याहाळायचा की पेशंटला वाटावं, झालं, यानं आपला रोग ओळखला. तो नुसतं गाउनचं माप घेत असायचा. "सिस्टर, आपल्याकडचा एकही यांना होणार नाही," असं माझ्या कानात सांगायचा आणि जेवणाच्या सुट्टीत एखादा जुना गाउन उसवून, बाजूला पट्टी जोडून आणायचा. वर त्याचं एक ठरलेलं वाक्य. "आहे तेवढ्या कापडात बसवू." खाटा कमी आणि माणसं जास्त झाली, एकाच वेळी दोन नर्स रजेवर गेल्या, सलाईनचे स्टँड पुरेनात, मुनीरचं उत्तर हेच. आणि बसवायचा हो! चिडचिड करायची माझी नुसती हौस भागायची.

एकदा एक रिटायर मास्तर आले. चांगले धिप्पाड, कडक आवाजाचे, आणि कमरेखाली काही हलेना. त्यांना बेडपॅनची इतकी लाज की दिवसच्या दिवस पोट आवळून पडून राहायचे. बायकोला जवळ येऊ देईनात, मुलाला शिव्या. मी समजावलं, केतकीनं समजावलं, मोठ्या डॉक्टरसाहेबांनी राउंडला दम दिला. मास्तरांचं तोंड भिंतीकडेच. मुनीर एक चादर घेऊन गेला, तिची दोन टोकं दोन स्टँडना बांधून त्यानं आडोसा केला आणि आत जाऊन म्हणाला, "मास्तर, ट्रायल रूम समजा. शिंपी माणसाकडे बघत नसतो, माप तेवढं घेतो." मग मास्तरांचं हसू ऐकू आलं आणि मागोमाग रडूही. मी तिथून निघून गेले. अशा वेळी इनचार्जनं दुसरीकडे काम काढावं.

मी त्याला एकदा विचारलंच होतं, तू या लाइनला आलास कसा? म्हणाला, "बारावीनंतर मेडिकलची नीट परीक्षा दिली होती, सिस्टर. थोडक्यात हुकली. परत द्यायची म्हणून वर्षभर घरी बसलो आणि अम्मी अंथरुणाला खिळली. डॉक्टर यायचे दोन मिनिटं. बाकी दिवसभर मी. अम्मी गेल्यावर लक्षात आलं, मला ते दिवसभरचंच आवडलं होतं." आणि त्यानं नर्सिंगला फॉर्म भरला. इतकं सरळ. माणसाला काय आवडतं हे विशीत कळणं म्हणजे चैन आहे, हे मी माझ्यावरून सांगते. मला नर्स करायचं माझ्या वडिलांनी ठरवलं. पोस्टात शिपाई होते. मी पहिल्यांदा युनिफॉर्म घालून घरी आले तेव्हा त्यांनी बुद्धविहारात सगळ्यांना पेढे वाटले आणि मला शेजारी उभी करून फोटो काढला. मुलगी नर्स झाली म्हणजे केवढी वर गेली! मुनीरच्या बाबतीत तेच खाली उतरणं झालं. मुलगा ना तो.

हे मला कळलं ते लिनन रूममध्ये. सकाळी चादरी मोजून घ्यायला गेले तर दाराआड मुनीर. अंगात डॉक्टरांचा लांब पांढरा ॲप्रन. खिशावर निळ्या दोऱ्यानं, मोत्यासारख्या अक्षरांत भरलेलं नाव: डॉ. मुनीर. तो घाईघाईनं बटणं काढत होता आणि आत आकाशी युनिफॉर्म दिसत होता.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. ॲप्रनची घडी करता करता म्हणाला, "घरून निघताना घालतो, सिस्टर. इथं काढतो. जाताना परत घालतो. नमुना आहे तो."

रज्जाकभाई ॲप्रनच शिवायचे. मेडिकलची पोरं पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे येत. खिशावर नाव भरून देणं ही त्यांची खासियत. आता असं भरतकाम दाखवायला दुकानात एक नमुना टांगावा लागतो. मुनीर बारावीला होता तेव्हा त्यांनी तो शिवला आणि नमुन्यावर कोणाचं नाव भरायचं म्हणून लाडानं पोराचं भरलं. बिचाऱ्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण येणारा-जाणारा बघायचा. "वा रज्जाकभाई, पोरगा डॉक्टर होणार!" पुढे "होतोय" झालं. पुढे "झाला" झालं. परीक्षा हुकली तेव्हा नमुना उतरवायला हवा होता. पण उतरवला असता तर गल्लीनं विचारलं असतं, का हो उतरवलात? तेवढं सांगायचा धीर बापाला झाला नाही. त्या बापाला पोरगा नर्सिंग करतोय हे माहीत नव्हतं असं नाही. फी त्यांनीच भरली. पण नमुना तसाच टांगलेला राहिला, आणि मुनीर नोकरीला लागला त्या दिवशी त्यांनी तो खुंटीवरून काढून त्याच्या अंगात घातला.

मी पुढे मुद्दाम त्यांच्याकडे ब्लाउज टाकायला गेले. ब्लाउज शिवत नाही म्हणाले, पण मी मुनीरच्या वॉर्डातली सिस्टर म्हटल्यावर खुर्ची दिली, चहा मागवला. मान खाली घालून, चष्म्यावरून बघत बोलणारा गोड माणूस. दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर पाच-सहा जण बसलेले, हातात एक्स-रेची पाकिटं. "डॉक्टरांची वाट बघतायत," रज्जाकभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. तेवढ्यात मुनीर आला. त्यानं कोणाचं पाकीट उघडलं नाही, कोणाला गोळी सांगितली नाही. प्रत्येकाला कुठल्या दवाखान्यात, कधी जायचं ते समजावलं, एका म्हातारीला तर रिक्षात बसवून दिलं. शेजारचे भांड्यांचे दुकानवाले साळुंखेमामा मला कौतुकानं म्हणाले, "बघितलंत ना, सिस्टर? किरकोळ आजाराला हात नाही लावत. मोठा माणूस!"

आता यावर काय बोलणार? मी चहा प्याले.

गल्ली एकदा प्रेम करायला लागली की थांबत नाही. साळुंखेमामा विचारायला लागले, एमबीबीएस झालं, आता एमडी कधी? सोलापूरचं एक स्थळ आलं, मुलगी दातांची डॉक्टर. मुनीरनं तिला फोन करून स्वतःच सगळं खरं सांगितलं, तिनं थँक्यू म्हणून फोन ठेवला, आणि गल्लीत झालं की डॉक्टरसाहेबांना मुलगी पसंत पडली नाही. रज्जाकभाईंना ते सोसेना. बुधवार पेठेतल्या कुठल्याशा जिन्यावर परदेशात डॉक्टरी शिकायला पाठवणारा एक एजंट होता. सहा वर्षांचा कोर्स. त्यांनी मुनीरला परत नीटला बसवलं. तो बसला, बहुधा नापास होईन या आशेनं. परदेशी जाण्यापुरते मार्क पडले. रज्जाकभाईंनी दुकानामागची राहती खोली विकायला काढली.

"नाही म्हण," मी त्याला सांगितलं.

"बघतो, सिस्टर."

तो बघत असतानाच रज्जाकभाई आजारी पडले. न्यूमोनिया, धाप, बोटं निळी. जवळच्या दवाखान्यात नेत होते तर गल्लीच आडवी आली. पोरगा एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर असताना इकडे कशाला? झालं. आले आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. रोज डोळ्यांदेखत मुलगा आकाशी युनिफॉर्ममध्ये खाटेखाटेपाशी वाकतोय, कोणाचं तोंड पुसतोय, कोणाची लघवीची पिशवी रिकामी करतोय. ऑक्सिजनच्या मास्कवरून त्यांचे डोळे त्याच्या मागे मागे फिरायचे.

जरा बरं वाटल्यावर एक दिवस मला म्हणाले, "बाई, हात फार चांगला आहे हो त्याचा."

"मग? अभिमान बाळगा की," मी म्हटलं.

"भीती वाटते," ते म्हणाले.

"कसली?"

"त्याला आवडतं हे."

त्यांच्या उशीखालची चादर सरळ होती, तरी मी ती परत ओढली.

भेटीची वेळ दुपारी चारची. त्या दिवशी साळुंखेमामा आणि गल्लीतले आणखी चार-पाच जण शहाळी घेऊन येणार असा निरोप होता. चार वाजत आले तसे रज्जाकभाई कासावीस झाले. मास्क बाजूला करून मुनीरला म्हणाले, "बेटा, ॲप्रन घाल. तेवढा एक तास." मुनीर उभा राहिला. मी नजरेनंच त्याला नको म्हटलं. तो लिनन रूममध्ये गेला आणि ॲप्रन घालून, वडिलांच्या पायाशी येऊन उभा राहिला. शाळेत फळ्याजवळ उभं केलेल्या पोरासारखा.

मंडळी आली. शहाळी टेबलावर ठेवली. "घरचाच डॉक्टर, मग काळजी कसली," वगैरे सुरू झालं. रज्जाकभाई कसनुसं हसत होते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या ड्रायव्हरला उमासे आले. मी उठेपर्यंत मुनीर तिथं पोचला होता. ट्रे धरायला अवधीच मिळाला नाही, सगळं त्याच्या ॲप्रनवर आलं. खिशावर, नावावर. त्यानं त्या माणसाला कुशीवर वळवलं, पाठ चोळली, तोंड पुसलं, गाउन बदलला. ड्रायव्हरनं खालच्या आवाजात आणखी काही सांगितलं, तर बेडपॅनही आणलं, लावलं, काढलं, झाकून नेऊन ठेवलं. हात धुऊन परत आला.

मुनीरनं घाण झालेला ॲप्रन काढला. आकाशी युनिफॉर्म सगळ्यांसमोर उघडा. म्हणाला, "मामा, मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो. मी इथं नर्स आहे. आत्ता केलं ना, ते माझं कामच आहे. मला आवडतं ते."

मी मनात म्हटलं, सुटलास रे बाबा!

साळुंखेमामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वळून बाकीच्यांना म्हणाले, "ऐकलंत? एवढा मोठा डॉक्टर, आणि म्हणतो काय, मी नर्स आहे! याला म्हणतात संस्कार!"

"मामा, नाही, खरंच..."

"कळतं रे आम्हाला." मामांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. एकानं तर पायाला हात लावला.

मग मला राहवलं नाही. "अहो, तो खरं सांगतोय! नर्स आहे तो. माझ्या हाताखाली काम करतो. मी इनचार्ज आहे इथली!"

मामांनी मला नमस्कार केला. "तुमच्यासारखी माणसं भेटली, सिस्टर, म्हणून त्याचे पाय जमिनीवर आहेत."

मी आयुष्यात अनेकांची तोंडं बंद केली आहेत. त्या दिवशी माझं झालं. मंडळी शहाळ्यांच्या पाण्याची आठवण करून देऊन, हळूहळू, मागे वळून बघत निघून गेली. रज्जाकभाई खिडकीकडे तोंड करून पडले होते. खांदे हलत होते. मुनीर ॲप्रनची घडी हातात धरून तसाच उभा. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, जरा पाणी द्या."

"मी डॉक्टर नाही हो," मुनीर म्हणाला. त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांचं अंग पुसत असताना मी पडद्याबाहेर चार्ट बघत होते. आतून रज्जाकभाईंचा आवाज आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. फार मायेनं बोलत होते. "सांगून बघितलंस ना, बेटा? कोणी ऐकलं का? माझ्याच्यानं आता मोडवत नाही ते. तू खरं करून टाक."

टॉवेल पिळल्याचा आवाज आला.

त्यानं राजीनामा आणून दिला तेव्हा मी त्याला लिनन रूममध्ये नेऊन दार लावलं आणि यथेच्छ झापलं. "तू काय कुक्कुलं बाळ आहेस? नाही म्हणता येत नाही तुला?"

"कोणाला म्हणू, सिस्टर?" तो म्हणाला. "अब्बांना म्हणालो, ते रडले. गल्लीला म्हणालो, ती पाया पडली."

"सहा वर्षं, मुनीर! कुठल्या देशात, कुठल्या भाषेत, कोण ओळखीचं नाही..."

"डॉक्टर होणं वाईट आहे का?"

"वाईट कशाला असेल? ज्याला व्हायचंय त्यानं व्हावं. ती केतकी बघ, रोज भांडते त्यासाठी. तुला व्हायचंय का?"

तो चादरींच्या गठ्ठ्याच्या कडा जुळवत बसला. जुळलेल्याच होत्या. मग हसला आणि म्हणाला, "आहे तेवढ्या कापडात बसवतो."

माझा संताप झाला. "माणूस म्हणजे कापड आहे का रे?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, म्हणून मीच दार उघडून बाहेर आले.

शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्या पेशंटचा निरोप घेतला. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, कुठल्या खाटेवरच्या कोणाला उशी दोन लागतात ते सांगितलं. रज्जाकभाई न्यायला आले होते. बरेच वाळले होते, पण इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हातात कागदात गुंडाळलेला नवा ॲप्रन. जुन्याचा डाग गेला नव्हता. त्यांनी तो पोर्चमध्येच मुनीरच्या अंगात घातला, कॉलर सारखी केली, एक पाऊल मागे सरून खांदे बघितले. माप अचूक होतं.

मी त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. रज्जाकभाई रिक्षा बघायला पुढे झाले. तेवढ्यात हातात कागद घेतलेली एक म्हातारी, गोंधळलेली, सरळ मुनीरपाशी आली. "अहो डॉक्टर, सोनोग्राफी कुठं काढतात हो?"

मी वाट बघत उभी राहिले. माणसाचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत याचं उत्तर यायचं, इतक्या वर्षांची सवय. मावशी, मी डॉक्टर नाही. त्याचं तोंड उघडलंही. रज्जाकभाई रिक्षाच्या दांडीला धरून मागे वळून बघत होते.

"सरळ जा, मावशी. मग डावीकडे," मुनीर म्हणाला.

"देव भलं करो हो तुमचं, डॉक्टर."

"हं," मुनीर म्हणाला आणि रिक्षात बसला.